पट्टीवरचा कोच

लिंडन फेरी हे गाव म्हातारं होत नाही. गावात राहणारे होतात, पण त्याला गाव काय करणार! दर ऑगस्टला विद्यापीठात अठरा-एकोणीस वर्षांची पोरं येतात, काही वर्षांनी मे महिन्यात निघून जातात, आणि त्यांच्या जागी पुन्हा अठरा-एकोणीस वर्षांचीच येतात. वेशीवर लोकसंख्येचा हिरवा फलक आहे, पण त्याच्यावर आमच्यापैकी कुणाचा विश्वास नाही. थंडीत तो कमी सांगतो, उन्हाळ्यात जास्त. जूनमध्ये मुख्य रस्त्याच्या मधोमध कुत्रं पाय पसरून झोपलेलं असतं आणि त्याला उठवायला कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही.

आर्लिस ब्रॅंडव्होल्ड इथलीच. इथं जन्मली, इथंच शाळेत गेली, आणि विद्यापीठाच्या भोजनगृहात पांढरी टोपी घालून कुस्करलेला बटाटा वाढण्यात तिचा उभा जन्म गेला. ताटं पुढं सरकायची, ती पळी आपटायची, वर मांसाचा रस्सा, की पुढचं ताट. चेहऱ्यांकडे बघायला तिला आवडायचं. सुरुवातीला ती त्यांची नावं लक्षात ठेवायची, मग गावं, मग तेही सोडलं. "पोरं बदलतात कुठं?" ती म्हणायची. "तीच असतात. कपडे तेवढे बदलतात." हे आधी ती गमतीनं म्हणायची. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मात्र तिला खरंच तसं वाटू लागलं होतं. तांबड्या केसांची, डाव्या गालावर तीळ असलेली एक मुलगी काही काही वर्षांच्या अंतरानं तिसऱ्यांदा ताट घेऊन समोर आली तेव्हा आर्लिसनं तिला न विचारता जास्तीचा रस्सा घातला, कारण तिला तो आवडायचा. मुलगी म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

पण तिची गोष्ट सांगायची तर मधल्या दिवसापासून सुरू करावी लागते.

आमच्या गावातले झाडून सगळे भाडेकरार चौदा ऑगस्टला दुपारी बारा वाजता संपतात आणि नवे पंधराला दुपारी बारा वाजता सुरू होतात. मधल्या वेळात घरमालक गालिचे धुतात आणि भिंतींची भोकं बुजवतात. असं का, म्हणून विचाराल तर "पूर्वीपासून तसंच आहे" एवढंच उत्तर मिळेल. त्या एका दिवसापुरतं अर्ध्या गावाला ना घर ना दार. खाटा, दिवे, आरसे, माशांची भांडी, सगळं संसारासकट रस्त्यावर येतं आणि पोरं आपापल्या खुर्च्यांवर बसून उद्याची वाट बघतात. त्याला आम्ही मधला दिवस म्हणतो.

या दिवसाचा एकच कायदा आहे. रस्ता आणि फुटपाथ यांच्यामध्ये गवताची अरुंद पट्टी असते. फुटपाथच्या घराकडच्या बाजूला ठेवलेलं सामान मालकाचं. पट्टीवर ठेवलेलं म्हणजे टाकलेलं, जो उचलेल त्याचं. हे कुठं लिहिलेलं नाही, पण आमच्याकडचं शेंबडं पोरही ते जाणतं. आर्लिसच्या माहेरचं अख्खं घर पट्टीवरच्या वस्तूंनी सजलेलं होतं. तिचे वडील म्हणायचे, "आपल्याकडे विकत आणलेलं असं काही असेल तर ते दूध."

आर्लिस एकोणीस वर्षांची असताना, अशाच एका मधल्या दिवशी, ती आणि तिचा भाऊ लाइल स्प्रूस रस्त्याच्या कोपऱ्यावर आले. तिथं तेव्हा विद्यार्थ्यांची जुनी लाकडी खानावळ होती, तिच्यासमोर एल्म वृक्षाच्या सावलीत, पट्टीवर, एक तपकिरी कोच ठेवलेला होता. कोचावर गोधड्यांचा ढीग. दोघांनी दोन टोकं धरून उचलला.

"यात काय दगड भरलेत की काय?" लाइल कुरकुरला.

"कुठं नेताय मला?" गोधडी म्हणाली.

लाइलनं आपलं टोक दणकन सोडलं. आर्लिस दचकली, पण तिनं आपलं टोक काही सोडलं नाही. हातात आलेली वस्तू सोडायची तिला सवयच नव्हती. गोधडीतून विस्कटलेल्या केसांचं एक डोकं वर आलं. ते वेंडलचं होतं. वेंडल क्रुगर, मुक्काम नेब्रास्का, गावात येऊन जेमतेम वर्ष झालेलं, पट्टीचा कायदा कशाशी खातात हे ठाऊक नसलेला.

"पट्टीवर आहे. म्हणजे टाकलेला," आर्लिस म्हणाली.

"कोच टाकला असेल. मला कुणी टाकलंय?"

"तूही पट्टीवरच आहेस की."

"हे बघ बाई, माझी खोली उद्या बारा वाजता मिळणार. तोवर मी झोपू कुठं?"

"मग काय, तुझ्यासकट उचलायचा?"

त्यानं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "उचला," तो म्हणाला, आणि परत डोक्यावरून गोधडी ओढून घेतली.

त्यांनी खरंच उचलला. मध्ये चारदा टेकवत, घाम पुसत, हसून हसून पोट दुखेपर्यंत. आई ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. तिनं गोधडीतून लोंबणारे पाय पाहिले आणि म्हणाली, "जिथून आणलंत तिथं ठेवून या." वडिलांनी मात्र कोचाभोवती एक फेरी मारली, लाकूड वाजवून पाहिलं. "कोच चांगला आहे," ते म्हणाले. "याचं काय ते उद्या बघू, बारा वाजता."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता वेंडल त्यांच्या ट्रकखाली उताणा पडून सायलेन्सर बांधत होता आणि घड्याळाकडे कुणीच पाहिलं नाही. तेव्हापासून त्या घरात टाळायच्या कुठल्याही गोष्टीला "बघू, बारा वाजता" म्हणायची पद्धत पडली.

गावातल्या मुलींना आया एक गोष्ट सांगून ठेवतात: विद्यार्थ्याला जीव लावू नये, मे महिना कुणाला चुकलेला नाही. आर्लिसच्या मैत्रिणी प्रत्येक मेमध्ये विचारायच्या, "काय गं, उडालं का पाखरू?" पाखरू उडालं नाही. वेंडलनं शिक्षण अर्धवट सोडलं आणि विद्यापीठाच्या फेरीच्या बसवर चालक म्हणून लागला. भोजनगृह, तळं, बाजार, वाचनालय, परत भोजनगृह. पोरं चढायची, उतरायची, निघून जायची. तो आणि आर्लिस तेवढे राहिले. संध्याकाळी तो तळ्याकाठच्या गाडीवरून चीजच्या ताज्या गाठी आणायचा, दाताखाली करकरणाऱ्या, आणि दोघं त्या तपकिरी कोचावर बसून एकाच पिशवीतून खायची. "मला हिनं पट्टीवरून उचललं," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "वापरलेला माल होता, पण टिकला."

लग्न झालं, दोघं आर्लिसच्या माहेरच्या घरातच राहिली, मुलगी झाली, हायडी. कोचाच्या स्प्रिंगा वर आल्या तेव्हा तो पुन्हा पट्टीवर ठेवला गेला आणि तासाभरात कुणीतरी नेला. कायदा तो कायदा. पण वेंडल त्यानंतर आठवडाभर धड जेवला नाही. हायडीही पुढे शिकली आणि दूर टुसॉनला गेली. आपलं असो की परक्याचं, मूल मोठं झालं की या गावातून जातं, हे आर्लिसला तेव्हा नीट कळलं.

आणि मग वेंडलही जायला लागला. घरात बसूनच.

आधी शब्द गेले, मग रस्ते. मग एक दिवस ओव्हनमधून जळका वास आला आणि उघडून पाहते तो आत त्याचे बूट. पहाटे उठून तो बसचालकाची टोपी घालून दाराशी उभा राहायचा. फेब्रुवारीत बर्फातून सपाता घालून निघाला, तिनं धावत जाऊन धरला, तशी स्वतःच घसरली आणि मनगट मोडून बसली. वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहणारा विद्यार्थी बिचकून निघून गेला, ती खोली रिकामीच पडली. हायडी फोनवर रडायची. "आई, तू एक दिवस जिन्यात पडशील आणि बाबांना शेजारच्यांना हाक मारायचंही सुचणार नाही." पोरीचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर आर्लिसला तिचा राग यायचा.

शेवटी तळ्यापलीकडच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली. तिथंही गावचीच रीत: खोली पंधरा ऑगस्टला, दुपारी बारापासून. आर्लिसनं हो म्हटलं. हो म्हणून झाल्यावर ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून बराच वेळ उभी होती. मग आठवडाभर ती त्याला रोज सांगत राहिली, "वेंडल, तुला नवी खोली मिळणार आहे. पंधराला, बारा वाजता." तो रोज मान हलवायचा, आणि तिला वाटायचं, याच्या डोक्यात काही उतरत नाही.

चौदाच्या सकाळी हवा जड होती. झाडांवरचे किडे किर्र करत होते आणि तळ्यावरून धुक्याचा एक पातळ पदर गल्लीत आला होता. बाहेरून सामान ओढल्याचे आवाज येत होते. हायडी दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं येणार होती. वेंडलची तपकिरी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. वृद्धाश्रमवाल्यांनी सांगितलं होतं, प्रत्येक कपड्यावर नाव हवं. उरलेले चार शर्ट घेऊन आर्लिस तळघरात इस्त्री करत होती आणि न पुसणाऱ्या शाईनं एकेका कॉलरच्या आत लिहीत होती: वेंडल क्रुगर. लहानपणी हायडीच्या मोज्यांवर ती असंच लिहायची. पण हायडी संध्याकाळी घरी परत यायची. तिसऱ्या शर्टावर तिचा हात थांबला.

वर आली तर दार सताड उघडं. बॅग नाही. वेंडल नाही.

एरवी सुटकेस घेतलेला म्हातारा आमच्या गावात दोन कोपरेही ओलांडू शकत नाही. कुणीतरी विचारतंच, "काय वेंडल, कुठं?" पण हा मधला दिवस होता. आज प्रत्येकाच्या हातात बॅग होती. चौकात आर्लिसला तिचा भाचा कर्ट भेटला, लाइलचा मुलगा, पोलिसात आहे.

"आत्या, अर्धं गाव आज बॅग घेऊन रस्त्यावर आलंय. त्यात मी शोधू कसा?"

"अरे, तो म्हातारा आहे की!"

"तेवढीच एक खूण." मग तिचा चेहरा पाहून तो वरमला. "मी तळ्याकडे गाडी नेतो. पाण्याकडे आधी. तू बसच्या वाटेनं जा, आत्या, आणि फोन हातात ठेव."

पाण्याकडे आधी, हे शब्द कानात घेऊन आर्लिस चालू लागली.

त्या दिवशीचं गाव तिनं जन्मभर पाहिलेलं होतं, पण असं कधी दिसलं नव्हतं. धुक्यात दिवे गवतावर उभे होते, विजेविना. एका उभ्या आरशात आभाळ होतं आणि एल्मची फांदी. एक मुलगी जेवणाच्या खुर्चीवर बसली होती आणि दुसरी तिचे केस कापत होती. केस वाऱ्यानं रस्ताभर पसरत होते. कुणीतरी फुटपाथवर खाट नीट अंथरून, उशीबिशी घेऊन, घोरत पडलं होतं. एक मुलगा मांडीवर माशाचं भांडं घेऊन त्याच्याशी बोलत होता. सगळे तरुण, सगळे जाण्याच्या किंवा येण्याच्या मध्ये कुठंतरी. तांबड्या केसांची, गालावर तीळ असलेली ती मुलगी एका कपाटावर पाय हलवत बसली होती.

"एक म्हातारे गृहस्थ पाहिलेस का गं? हातात बॅग?"

"सगळ्यांच्याच हातात आहे, मावशी," ती म्हणाली आणि हसली. ती हसली तेव्हा आर्लिसला क्षणभर वाटलं की आपणही एकोणीसच्याच आहोत आणि बाकीची वर्षं कुणीतरी भलत्याच बाईची आपल्या अंगावर टाकली आहेत.

ती बसच्या वाटेनं गेली. भोजनगृहाचा थांबा रिकामा. बाजाराच्या थांब्यावर उशा रचलेल्या. वाचनालयाच्या पायऱ्यांवर पोरं, नुसती पोरं. "वेंडल!" ती हाक मारायची, आणि दोन-चार कोवळे चेहरे वळून बघायचे. त्यांच्यात तो नसायचा. तळ्याकडून कर्टचा फोन आला: इथं नाही. तिनं सुस्कारा सोडला आणि लगेच वाटलं, मग कुठं?

स्प्रूसच्या कोपऱ्यावरून ती एकदा तशीच पुढं गेली होती. तिथं आता काय आहे! जुनी खानावळ पाडून सात मजल्यांची काचेची इमारत झाली, एल्म कधीच तोडला, कोपरा ओळखूसुद्धा येत नाही. परत फिरताना तिनं काचेत एक हिरवा ठिपका पाहिला. ते रस्त्याकडचं प्रतिबिंब होतं. वळून पाहिलं, तर पट्टीवर एक हिरवा कोच, आणि कोचावर, मांडीवर बॅग घेऊन, पायमोज्यांवर, वेंडल. बूट कोचाखाली जोडीनं नीट ठेवलेले. तो पिझ्झा खात होता. बाजूला तीन विद्यार्थी जमिनीवर फतकल मारून बसले होते.

आर्लिसला आधी रडू आलं, मग राग आला, मग दोन्ही एकदम.

"तुमचे आहेत का हे?" त्यातली उंच मुलगी उठली. तिचं नाव ओडेसा, शिकागोची. "सकाळपासून इथंच आहेत. म्हणाले, खोली उद्या बारा वाजता मिळणार, तोवर बसू का. आम्ही म्हटलं, बसा की. आमचंही तेच आहे."

"तुम्हाला काही वाटलं नाही? एवढा म्हातारा माणूस?"

"आम्हाला वाटलं प्राध्यापक असतील," दुसरा म्हणाला. तो तोबेन्ना, नायजेरियाहून आलेला. "प्राध्यापकांनाही आजकाल खोल्या मिळत नाहीत. नाव कॉलरवर वाचलं. वेंडलकाका फार छान गोष्टी सांगतात. नेब्रास्कात त्यांच्या घरी एक गाय आहे म्हणे, ती शिट्टी ओळखते."

"आहे नव्हे, होती," आर्लिस म्हणाली. तिनं लिहिलेलं नाव त्या पोरानं वाचलं, हे तिला कुठंतरी लागलं. ती कोचासमोर उभी राहिली. "वेंडल. चल, घरी चल."

वेंडलनं वर पाहिलं. डोळे स्वच्छ होते, निळे, आणि त्यांत ती कुठंच नव्हती.

"नमस्कार, मावशी," तो अदबीनं म्हणाला. "बसा ना. पिझ्झा घ्या."

"वेंडल, मी आर्लिस. घरी जायचंय आपल्याला."

त्यानं बॅग छातीशी धरली. "नाही, नाही. माझी खोली उद्या बारा वाजता मिळणार. मला नीट सांगितलंय. रोज सांगत होती ती."

"कोण ती?"

"एक बाई. चांगली आहे. थकलेली असते फार." तो जरा विचारात पडला. "मी म्हटलं, तिला त्रास नको, आपणच येऊन थांबावं."

आर्लिस कोचाच्या दुसऱ्या टोकाला बसली. म्हणजे सगळं उतरलं होतं याच्या डोक्यात. आठवडाभर ती सांगत होती आणि तो ऐकत होता, आणि आज उठून, बूट घालून, आपलं आपण चालत आला होता, तिला ओझं नको म्हणून. तिनं आपल्या मोडून सांधलेल्या मनगटाकडे पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे कुणीतरी ट्रकमध्ये गादी चढवत होतं. मग तिनं वेंडलला विचारलं:

"हा कोच कुणी टाकलाय का?"

वेंडलनं कोचाच्या हातावरून हात फिरवला. "या मुलांना विचारा, मावशी. पण पट्टीवर आहे, म्हणजे टाकलाच असणार." मग त्यानं आपल्या पायाखालचं गवत पाहिलं, इकडं फुटपाथ पाहिला, तिकडं रस्ता. गावचा कायदा त्याला आठवला, बाकी काही आठवत नसताना. तो हळूच म्हणाला, "मीही पट्टीवरच आहे की."

त्या वाक्यावर आर्लिस हमसून रडली. पोरं घाबरली, ओडेसा तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. वेंडलनं खिशातून रुमाल काढला आणि अनोळखी बाईला द्यावा तसा, नजर दुसरीकडे वळवून, तिला दिला. रुमालावरही त्याचं नाव होतं, तिच्याच अक्षरात.

तिनं नाक पुसलं. उठून कोचाच्या टोकाशी गेली.

"मग काय," ती म्हणाली, "तुझ्यासकट उचलायचा?"

तो तिच्याकडे बघत राहिला. किडे किर्र करत होते. त्याच्या चेहऱ्यावर काही ओळख उमटली असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण त्याचे खांदे सैल झाले. त्यानं पाय वर घेतले, बॅग पोटाशी नीट लावली आणि टेकून बसला.

"उचला," तो म्हणाला.

"एवढ्या लांब?" तिसरा पोरगा, ग्रेडी, म्हणाला. तो आमच्याच जिल्ह्यातल्या गोठ्यावरचा, अंगानं दांडगा. "काकांना नुसतं चालत—"

"उचल रे," ओडेसानं त्याला दटावलं. "प्रश्न नको विचारूस."

कर्ट तेवढ्यात गाडी घेऊन आला. पोलिसाची टोपी आर्लिसच्या हातात देऊन त्यानं चौथं टोक धरलं. आणि मग स्प्रूस रस्त्यावरून, दुपारच्या पांढऱ्या उजेडात, हिरवा कोच निघाला. पुढं आर्लिस, एका हातात वेंडलचे बूट, दुसऱ्या हातात टोपी. वर वेंडल, मांडीवर बॅग आणि बॅगेवर पिझ्झ्याचा खोका. दोन्ही बाजूंना खाटांवर, कपाटांवर, खुर्च्यांवर बसलेली पोरं बघत होती. कुणी हसलं नाही. माशाचं भांडं घेतलेला मुलगा उभा राहिला. तांबड्या केसांच्या मुलीनं हात हलवला आणि वेंडलनं बसचालक करतात तसा दोन बोटांनी सलाम केला. आर्लिसला ते सगळे चेहरे ओळखीचे वाटत होते. एकेकाला किती बटाटा लागतो ते तिला ठाऊक होतं.

मध्ये त्यांनी कोच चारदा टेकवला.

घराचं फाटक आलं तसा वेंडल अस्वस्थ झाला. मान उंचावून त्यानं ओसरीकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं, एक रिकामी खुर्ची होती. तो वाकला आणि आर्लिसच्या कानाशी, हळू आवाजात म्हणाला:

"तुझी आई ओरडेल हं."

'मावशी' हा शब्द गेला होता. 'तुझी आई', म्हणाला तो.

"ओरडू दे," आर्लिस म्हणाली.

कोच ओसरीवर बसला. आतल्या दारातून तो जाणार नव्हताच, आणि त्याला आत न्यायची घाईही कुणाला नव्हती. आर्लिसनं पोरांना लिंबाचं सरबत दिलं, रूबार्बच्या आंबट देठांची वडी दिली, आणि आज कुठं झोपणार म्हणून विचारलं. ठरलेलं काहीच नव्हतं. ओडेसाची तर उद्याचीही खोली पक्की नव्हती. काचेच्या इमारतीतलं भाडं वाटून घ्यायला तिची मैत्रीण ऐन वेळी नाही म्हणाली होती. "वर एक खोली आहे," आर्लिस म्हणाली. "पण खाली तो आहे. ओव्हनमध्ये बूट ठेवतो. पहाटे बस चालवायला निघतो."

"माझी आजी आमची भांडी गादीखाली लपवायची," ओडेसा म्हणाली. "बघू देता का खोली?"

फोन वाजला. टुसॉनहून हायडी. "आई, मी बॅग भरतेय. उद्या बारा वाजता आपण बाबांना घेऊन—"

"हायडी, तू ये. पण त्या लोकांना कळव, खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं."

"आई, तुला जमणार नाही गं."

"नसेल जमणार. मी कुठं म्हणते जन्मभर? पुढच्या ऑगस्टपर्यंत. या गावात सगळे करार तेवढेच असतात."

हायडी रडत होती की हसत होती, ते फोनवर कळलं नाही. आर्लिसनं फोन ठेवला आणि ओसरीवर आली. तिला भीती वाटत होती, खूप वाटत होती. थंडी येणार होती, बर्फ येणार होता, जिना तोच होता. तरी ती हिरव्या कोचावर वेंडलच्या शेजारी बसली आणि खोक्यातला थंड झालेला पिझ्झ्याचा तुकडा दोघांनी मिळून खाल्ला. गल्लीत पोरं उद्याची वाट बघत होती. वेंडलची बॅग अजून त्याच्या मांडीवरच होती. थोड्या वेळानं त्यानं ती खाली ठेवली.

"बारा वाजले का?" त्यानं विचारलं.

"नाही रे," आर्लिस म्हणाली. "अजून खूप वेळ आहे."